एका चित्रविक्रेत्याचे दप्तर

शाळेत जुना दाखला मागायला कोणी आले की आम्ही कपाटातून जनरल रजिस्टर काढतो. साठ-सत्तर वर्षांपूर्वी एखाद्या मास्तरांनी टाकाने लिहिलेली एक ओळ आज एखाद्या वयस्कर माणसाची जन्मतारीख, गाव आणि वडिलांचे नाव सिद्ध करते. ती ओळ लिहिताना आपण इतिहास लिहीत आहोत, असे त्या मास्तरांच्या मनातही आले नसेल. बादशहांची फर्माने जपली जातात. दुकानदाराच्या वह्या मात्र रद्दीत जातात. पण त्या वह्या किती बोलक्या असतात, हे न्यूयॉर्कच्या लिओ कॅस्तेली या चित्रविक्रेत्याच्या दप्तरावरून कळते.

कॅस्तेली यांचा जन्म १९०७ साली ट्रिएस्ट बंदरात झाला. हे शहर तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. पहिल्या महायुद्धानंतर ते इटलीकडे गेले. घराणे ज्यू, वडिलांचे आडनाव क्राऊस. मुसोलिनीच्या राजवटीत परकी आडनावे इटालियन करण्याची सक्ती झाली, तेव्हा कुटुंबाने आईच्या माहेरचे कॅस्तेली हे नाव जोडले आणि पुढे तेच उरले. १९३९ मध्ये पॅरिसमध्ये त्यांनी भागीदारीत पहिली गॅलरी काढली, पण लगेच युद्ध पेटले. पत्नी इलियाना आणि लहान मुलीला घेऊन ते निघाले आणि १९४१ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. नाव आणि मुलूख दोन्ही बदलावे लागलेल्या या माणसाने पुढे दुसऱ्यांच्या कामाची नोंद आयुष्यभर ठेवली.

फेब्रुवारी १९५७ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी सासऱ्यांच्या इमारतीतील राहत्या घराच्या दिवाणखान्यात गॅलरी सुरू केली. पुढच्याच जानेवारीत जॅस्पर जॉन्स या तरुण चित्रकाराचे प्रदर्शन भरवले. त्यात अमेरिकेचा झेंडा आणि नेमबाजीची लक्ष्ये यांची चित्रे होती. म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यातली तीन विकत घेतली आणि गॅलरीचे नाव झाले. १९६४ मध्ये त्यांच्याकडच्या रॉबर्ट राउशेनबर्गला व्हेनिसचे मोठे पारितोषिक मिळाले.

कॅस्तेली यांची एक रीत त्या बाजारात गाजली. चित्र विकले जावो वा न जावो, ते आपल्या चित्रकारांना दरमहा ठराविक रक्कम देत. विक्री झाली की ती हिशेबात वळती होई. हा सगळा व्यवहार भरवशाचा आणि तो भरवसा वहीवर उभा. गॅलरीत आलेल्या कामाला क्रमांक मिळे. तोच क्रमांक चित्रामागच्या चिठ्ठीवर असे.

१९९९ मध्ये कॅस्तेली वारले. २००७ मध्ये त्यांच्या वारसांनी गॅलरीचे दप्तर स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकन कला अभिलेखागाराला दान केले. ओळीने मांडले तर दोनशे फुटांहून लांब भरेल इतके हे कागद! पत्रव्यवहार, प्रदर्शनांच्या फायली, चित्रकारांच्या फायली, छायाचित्रे, विक्रीचे हिशेब. याच संस्थेने १९६९ ते १९७३ या काळात कॅस्तेली यांच्या तोंडी आठवणीही ध्वनिमुद्रित केल्या होत्या. म्हणजे आज अभ्यासकाला एका हातात आठवण आणि दुसऱ्या हातात कागद धरून पाहता येते. आठवण माणूस रंगवून सांगतो. पावती तशी रंगत नाही. कोण नव्हते, हेही दप्तर सांगते. सुरुवातीच्या वर्षांत गॅलरीच्या यादीत स्त्रिया जवळजवळ नाहीतच. १९६० मध्ये प्रदर्शन झालेली ली बॉन्टेकू हा ठळक अपवाद.

एका कागदाचे मोल किती, याचे उदाहरण कॅस्तेली यांच्याच घरातले आहे. राउशेनबर्गच्या १९५९ सालच्या ‘कॅनियन’ या कलाकृतीवर पेंढा भरलेला गरुड बसवला आहे. ती इलियाना यांच्या संग्रहात होती. घटस्फोटानंतर त्या सोनाबेंड झाल्या होत्या. १९४० च्या कायद्याने त्या जातीचा गरुड विकणे तर सोडाच, बाळगणेही गुन्हा. तेव्हा १९९८ मध्ये राउशेनबर्गने नोटरीसमोर लिहून दिले, की हा पक्षी कायदा होण्यापूर्वीच मारून भरलेला आहे. त्या कागदावर ती कलाकृती त्यांच्याकडे राहिली. २००७ मध्ये इलियाना वारल्या. विकता येत नाही म्हणून वारसांच्या तज्ज्ञांनी किंमत शून्य धरली. करखात्याने साडेसहा कोटी डॉलर ठरवली. अखेर २०१२ मध्ये ती म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टला दिली गेली आणि तंटा मिटला.

हे दूरदेशीचे वाटेल. पण कागद नसला की काय होते, ते आपल्याकडेही दिसले आहे. सय्यद हैदर रझा मुंबईच्या जे. जे. स्कूलचे विद्यार्थी, १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह गटाचे संस्थापक सदस्य. जानेवारी २००९ मध्ये दिल्लीत त्यांच्या जुन्या चित्रांचे प्रदर्शन भरले. उद्घाटनाला ते स्वतः आले आणि भिंतीवरची बहुतेक चित्रे आपली नाहीतच, हे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हा रझासाहेब हयात होते, म्हणून सांगू शकले. २०१६ मध्ये ते गेले. आता साक्ष द्यायची ती कागदांनी. हुसेन, रझा, तय्यब मेहता यांची सुरुवातीची चित्रे कोणी, केव्हा, किती रुपयांना घेतली, हे सांगणारी प्रत्येक पावती म्हणूनच मोलाची आहे.

आणि हे केवळ चित्रांपुरते नाही. आपल्या घरांतही कातिबांच्या वह्या, छापखान्याची बिले, मुशायऱ्यांची निमंत्रणे, वाचनालयांच्या देणगीपावत्या पडून असतात. रमजानच्या आधी घराची साफसफाई निघते, तेव्हा वालिदांची जुनी पेटी उघडली जाते. त्यातले कागद रद्दीवाल्याच्या तराजूत टाकण्यापूर्वी एकदा बसून वाचावेत, त्यावर कोणाचे आहेत ते लिहावे आणि जवळच्या वाचनालयात विचारून पाहावे. एवढे तर आपण करू शकतो.