श्वित्र, बावची आणि सूर्यप्रकाश : एका उपचारपद्धतीचा इतिहास

‘कोड’ हा शब्द मराठी घरात आजही खालच्या आवाजात उच्चारला जातो. मुलीच्या अंगावर पांढरा डाग दिसला की उपचाराआधी तिच्या लग्नाची काळजी सुरू होते. या भीतीच्या आणि या विकारावरील प्रकाशोपचाराच्याही जुन्या खुणा एकाच अध्यायात सापडतात.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सातवा अध्याय कुष्ठाचा असून त्याच्या अखेरीस श्वित्राचा विचार येतो. रुग्णाने स्नेहनानंतर मलपूचा, म्हणजे काकोदुंबराचा रस गुळासह घ्यावा, शक्तीनुसार ऊन सोसावे आणि डागांवर फोड आल्यास ते काट्याने फोडावेत, असे तेथे सांगितले आहे. औषध, ऊन व फोड हा क्रम लक्षणीय आहे. उंबराच्या कुळातील काही वनस्पतींत आणि बावचीच्या बियांत सोरालेन वर्गाची द्रव्ये असतात. ती अतिनील किरणांनी क्रियाशील होतात. मात्रा वाढली की त्वचा भाजते. प्राचीन वैद्यांना अतिनील किरण ठाऊक नव्हते, त्यामुळे ‘सारे आमच्याकडे आधीच होते’ हा अभिमान येथे गैरलागू ठरतो. निरीक्षण मात्र अचूक होते.

१९३३ मध्ये जोइस, मंजुनाथ व वेंकटराव यांनी बावचीच्या बियांतून सोरालेन वेगळे केले. १९४८ मध्ये इजिप्तचे डॉ. एल मोफ्ती यांनी नाईलच्या खोऱ्यातील एका वनस्पतीपासून मिळविलेली अशीच द्रव्ये कोडावर वापरल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९७४ मध्ये पॅरिश, फिट्झपॅट्रिक, टॅनेनबॉम आणि भारतीय वंशाचे पाठक यांनी बोस्टन येथे सोरायसिसवर ‘पुवा’ पद्धत मांडली. यंत्राऐवजी ऊन वापरणारी ‘पुवासोल’ पद्धत भारतात रुळली. १९९७ नंतर सोरालेनविना दिले जाणारे अरुंदपट्टी अतिनील-बी किरण कोडासाठी पुढे आले.

मराठवाड्यात, इस्लापूर-किनवटकडेही, बावची अपरिचित नाही. परंतु तिचे बी वाटून लावून मनाने उन्हात बसणे धोक्याचे असते. उन्हाची मुदत तज्ज्ञानेच मिनिटांत ठरवावी लागते.

चरकाच्या त्याच अध्यायात असत्य भाषण, कृतघ्नता, गुरुनिंदा आणि पूर्वकर्म हीही श्वित्राची कारणे म्हणून दिली आहेत. विज्ञानाने त्यातील औषध-उन्हाचा दुवा तपासून घेतला. समाजाने पापाची कल्पना जपली. कुष्ठाच्याच अध्यायात समावेश झाल्याने महारोगाशी होणारी गल्लतही टिकली. वस्तुतः कोड संसर्गजन्य नाही. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांना २००६ मध्ये ‘नितळ’ हा चित्रपट याच विषयावर करावासा वाटला.