लॅक्स्टन: कुंपणावांचून राहिलेलें गांव

इंग्लंडांतील खेडें म्हटलें कीं हिरव्या झुडुपांच्या कुंपणांनीं चौकटी पाडलेलीं शेतें डोळ्यांपुढें उभीं राहतात. हीं कुंपणें अनादि कालापासूनचीं असावींत असें वाटतें. परंतु त्यांतील पुष्कळशीं कायद्यानें उभीं केलेलीं आहेत. १६०४ ते १९१४ या काळांत पार्लमेंटनें पांच हजारांहून अधिक कायदे करून गांवोगांवच्या सामाईक जमिनी वांटून टाकल्या. जमीनदारांचें उत्पन्न वाढलें. गांवच्या गवतावर ज्याची एकुलती गाय जगत असे, तो मात्र निव्वळ मजूर झाला.

नॉटिंगहॅमशायरमधील लॅक्स्टन या लाटेंतून वांचलें. त्याच्याभोवतीं वेस्ट फील्ड, साउथ फील्ड व मिल फील्ड अशीं तीन विस्तीर्ण शेतें आहेत. प्रत्येकांत निरनिराळ्या कुळांच्या लांबट पट्ट्या विखुरलेल्या, मध्यें कुंपण नाहीं. त्यामुळें सुपीक व निकस जमीन सर्वांच्याच वांट्याला येते. एका शेतांत हिवाळी गहूं, दुसऱ्यांत वसंतांत पेरावयाचें पीक, आणि तिसरें पूर्वीं पडीक ठेवीत. आतां तेथें चाऱ्याचें गवत घेतात. मार्क पिअर्सनें १६३५ सालीं काढलेला या गांवाचा नकाशा ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत आहे. त्यांत नांगरणी व कापणी करणारीं माणसेंही चितारलेलीं आहेत.

कुंपण नाहीं तेथें शेजाऱ्याची जमीन कोरण्याचा मोह आलाच. आणि हा मोह कांहीं इंग्लंडपुरताच नाहीं! म्हणून हिवाळ्याच्या आरंभीं गांवचे पंच नुकतेंच गहूं पेरलेलें शेत फिरून पाहतात, खुंट ठोकून हद्दी कायम करतात आणि रस्त्यांत किंवा राखीव गवतांत नांगर घालणाराचें नांव टिपून घेतात. आठवड्यानें ‘कोर्ट लीट’ ही न्यायसभा गांवच्या मद्यगृहांत भरते व दंड ठरविते. दंड क्षुल्लक असतो, परंतु तो शेजाऱ्यांनीं चारचौघांदेखत केलेला असतो. १९७७ च्या कायद्यानें अशा जवळजवळ सर्व सभांचे न्यायाधिकार संपुष्टांत आले. लॅक्स्टनचे मात्र राखले गेले.

तथापि हें ग्रामस्वराज्य समजूं नये. जमीन सदैव मालकाचीच होती. अर्ल मॅन्व्हर्स यांनीं ती १९५२ मध्यें सरकारच्या शेतकी खात्याला विकली. १९८१ मध्यें ती क्राउन इस्टेटकडे गेली आणि २०२० मध्यें थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे मॅन्व्हर्स घराण्याच्याच जुन्या मिळकतींत, परत आली. मालक बदलले तरी पद्धति टिकली. खरी अडचण निराळीच आहे: पंच नेमावयाचे तर शेती करणारीं कुळें हवींत, आणि तीं कमी होत गेलीं आहेत.