निम्मी वाढ कोणाची?

वडिलांच्या कागदपत्रांत मला नगरपालिकेची एक जुनी पावती सापडली. नगररचना योजनेतल्या आमच्या भूखंडापोटी भरलेल्या अंशदानाची ती पावती होती. रक्कम त्यांच्या एका महिन्याच्या पगाराहूनही कमी. ती भरली तोवर भूखंडाचा भाव कितीतरी पटींनी चढला होता. समोरचा रस्ता, नळ, दिवे हे सारे नगरपालिकेने आणले होते. आमचे कर्तृत्व काहीच नव्हते. मग अंशदान इतके किरकोळ कसे, हा प्रश्न मला इतिहासाकडे घेऊन गेला.

मालकाने काही न करता जमिनीची जी किंमत वाढते, तिच्यावर समाजाचा हक्क आहे, असा विचार जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४८ च्या आपल्या अर्थशास्त्राच्या ग्रंथात मांडला. ब्रिटनमध्ये १९०९ साली त्याचे दोन धागे राजकारणात उतरले. लॉइड जॉर्ज यांच्या अंदाजपत्रकात अशा वाढीवर २० टक्के कर होता. उमरावांच्या सभागृहाने ते अंदाजपत्रक फेटाळले, निवडणूक झाली, १९१० मध्ये कर आला आणि १९२० मध्ये रद्दही झाला. दुसरा धागा त्याच वर्षीच्या नगररचना कायद्याचा. योजनेमुळे किंमत वाढली, तर त्या वाढीचा निम्मा भाग स्थानिक संस्थेने वसूल करावा, अशी तरतूद त्यात होती.

हा निम्मा वाटा मुंबई इलाख्यात आला तो १९१५ च्या नगररचना कायद्याने. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट जमिनी सक्तीने संपादन करी; ते काम खर्चाचे होते. नव्या कायद्याची वाट वेगळी होती. सर्वांच्या जमिनी एकत्र धरायच्या, रस्त्यांसाठी जागा काढायची, उरलेले भूखंड नीट आखून मूळ मालकांना परत द्यायचे आणि खर्चापोटी वाढीव किमतीच्या निम्म्यापर्यंत अंशदान घ्यायचे. १९५४ चा कायदा आणि महाराष्ट्राचा १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा यांतही हे सूत्र टिकले.

मग गळती कुठे झाली? १९६६ च्या कायद्यात वाढ मोजण्याची जी रीत आहे, तिच्यात. योजना पूर्ण झाल्याचे गृहीत धरून येणारी किंमत आणि योजनेविना असणारी किंमत, या दोन्ही योजनेचा इरादा जाहीर झाला त्या दिवशीच्या धरायच्या. समजा, त्या दिवशी भूखंड १,००० रुपयांचा होता आणि योजनेसह ३,००० चा ठरला. वाढ २,००० ची, म्हणजे अंशदान जास्तीत जास्त १,०००. योजना रेंगाळली आणि २० वर्षांनी भाव १ लाख झाला, तरी आकडा तोच. कामाचा खर्च मात्र चालू दराने वाढतो. निम्म्या वाढीच्या वरचा खर्च नगरपालिकेच्या माथी, म्हणजे सर्व करदात्यांच्या माथी. नव्या रस्त्यामुळे वाढलेले भाडे देणारा भाडेकरूही त्यात आला.

वडिलांची बाजूही खोटी नव्हती. "जागा विकलीच नाही, तर फायदा कुठला?" असे ते म्हणत. म्हणूनच कायद्यात हप्त्यांची सोय आहे. विक्रीनंतर लागणारा भांडवली नफ्यावरचा कर हे उत्तर वाटते. तो १९४७ मध्ये आला, १९४९ मध्ये उठला आणि १९५६ मध्ये परतला. पण तो केंद्राच्या तिजोरीत जातो. रस्ता बांधणाऱ्या नगरपालिकेच्या हाती थेट काही पडत नाही.

कायद्याने निम्म्या वाढीवरचा हक्क सोडलेला नाही; दिरंगाईने तो पोकळ केला. मोजणीची तारीख योजना प्रत्यक्ष पुरी होण्याशी बांधली असती, तर त्या पावतीवरचा आकडा वेगळा दिसला असता. आता तो भूखंड माझ्या नावावर आहे. त्या दिरंगाईचा फायदा मलाही मिळाला, हे मान्य केल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही.