गोळीनंतरची गोष्ट : हरीण, सुरी आणि वाटा

शिकारकथा हा प्रकार मराठी वाचकाला नवा नाही. मचाण, चांदणी रात्र, पाचोळ्यावरची चाहूल, श्वास रोखून धरलेली बंदूक आणि अखेरीस गोळीचा आवाज, ही तिची परिचित वाट आहे. आम्ही वाचलेल्या बहुतेक शिकारकथा या आवाजापाशी किंवा त्यानंतर दोन-चार ओळींत संपतात. जनावर पडले की लेखकाचे काम झाले. पण पडलेल्या जनावराचे पुढे काय होते? ते कोण उचलते, कोण सोलते, कोणाच्या दारात त्याचे वाटे लागतात? प्रस्तुत टिपणात या न लिहिल्या गेलेल्या उत्तरार्धाचा थोडा शोध घेण्याचा आमचा प्रयत्न आहे.

या प्रश्नाकडे आम्ही ग्रंथांतून नव्हे, एका घरातून वळलो. आमच्यापैकी एकाची आजी पनवेल तालुक्यातील गव्हाणची. आज गव्हाण म्हटले की कंटेनरची रांग, गव्हाण फाटा आणि उलव्याच्या इमारती डोळ्यांपुढे येतात. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि २०२५ साली शेजारीच विमानतळही उभा राहिला. आजीच्या आठवणीतले गव्हाण मात्र एका अंगाला खाडी आणि खारी शेते, तर दुसऱ्या अंगाला डोंगर असलेले गाव होते. दक्षिणेला चिरनेरचा अक्कादेवीचा डोंगर, आग्नेयेला कर्नाळा. खाडीतली मासळी रोजची. डोंगरातले भेकर मात्र वर्षा-दोन वर्षांतून एखादे. ते रात्री यायचे, आणि ते आले की मुलांना झोपेतून उठवले जायचे. बघण्यासाठी नव्हे, पाय धरण्यासाठी.

आजीने सांगितलेला क्रम आम्ही लिहून ठेवला आहे. भेकर मागच्या पायांनी आढ्याला टांगायचे. कंदील वर, परात खाली. कातडे मागच्या पायांच्या सांध्यापासून सोडवत खाली आणायचे, आणि ते सुरीपेक्षा मुठीने अधिक. केस मांसाला लागू द्यायचा नाही; म्हणून ज्या हाताने कातडे धरले त्या हाताने मांस धरायचे नाही. पोट उघडताना सुरीचे टोक दोन बोटांच्या मध्ये, धार बाहेरच्या बाजूला, म्हणजे कोथळा फुटत नाही. मूत्राशय आधी वेगळे करायचे. मग काळीज, फुफ्फुस, वजडी. मग फरे, मांड्या, बरगड्या, मान. मुले पाय धरीत, कंदील हलवीत आणि पाहता पाहता शिकत. कोणी ‘शिकवत’ नसे. आजीच्या हाती सुरी आली ती दोन-तीन वर्षे पाय धरल्यानंतर. फऱ्याच्या सांध्यावर तिने कोयता उगारला तेव्हा सुरी धरलेल्या कातकरी म्हाताऱ्याने तिचा हात थांबवून म्हटले होते, “मांस कापायचं नसतं पोरी, सोडवायचं असतं.” सांधा सापडला की जोर लागत नाही, आणि हाडाची कपची वाट्यात जात नाही.

हा म्हातारा आजीच्या घरचा नव्हता; डोंगराकडच्या वाडीवरचा होता. त्याचे नाव आजीला आठवत नव्हते. ही बाब आम्हांला नंतर बराच काळ टोचत राहिली.

सोलणे आणि वाटणे ही दोन वेगळी कामे नव्हती, हे या कथनातून प्रथम ध्यानात आले. कोकणची हवा दमट, घरात बर्फ नाही. मांस सकाळपर्यंतही राखणे कठीण. पूर्ण वाढलेले भेकर वीस-पंचवीस किलोंचे, ते दोन-चार घरांत संपते. सांबराचा मोठा नर २०० किलोंहूनही अधिक भरतो. तो एका घराच्या चुलीला पेलणाराच नव्हे. थोडे मीठ लावून धुरावर सुकवता येई, उरलेले वाटावेच लागे. म्हणजे वाटणीच्या नीतीला हवामानाचा आधार होता. आजीच्या अंगणात सागाच्या पानांवर वाटे लागत. प्रत्येक वाट्यात मांडीचा तुकडा, बरगडीचा तुकडा, काळजाचा लहानसा काप. एकाला सगळे मऊ आणि दुसऱ्याला सगळी हाडे असे चालत नसे. ज्याचा नेम लागला त्याला एक वाटा जास्त. हाकाऱ्यांना वाटा, कुत्र्यांना वाटा, देवाच्या नावाने एक तुकडा. जी विधवा शिकारीला गेली नाही आणि जिच्या घरून कोणी जाण्यासारखे नव्हते, तिलाही वाटा. कापणाऱ्याला सांधे नीट ठाऊक नसतील तर वाटे सारखे पडत नाहीत. सुरीचे कौशल्य हे असे न्यायाचेही कौशल्य होते.

आता साहित्याकडे येऊ. संस्कृतात ‘मृग’ म्हणजे मुळात कोणताही रानपशू; म्हणून सिंह ‘मृगेंद्र’ आणि वानर ‘शाखामृग’. पुढे हा शब्द हरणापुरता आकसला. इंग्रजीतील ‘डिअर’ या शब्दाचीही हीच कथा आहे. तोही प्राचीन काळी कोणत्याही पशूला लागू होता. दोन दूरच्या भाषांनी ‘पशू’ आणि ‘हरीण’ यांना एक मानावे, हे हरीण किती काळ माणसाचे मुख्य सावज होते याचे सूचक असावे.

मात्र पुढचा मार्ग वेगळा झाला. मध्ययुगीन युरोपात मारलेले हरीण सोडवणे ही सरदारी कला मानली जाई. इ. स. १२१० च्या सुमारास गॉटफ्रीड फॉन श्ट्रासबुर्गने रचलेल्या ‘ट्रिस्टान’ काव्यात तरुण नायक परक्या देशात येतो, तेथील शिकारी हरीण ओबडधोबड कापू लागलेले पाहतो आणि स्वतः पुढे होऊन त्यांना योग्य रीत दाखवतो. राजा मार्कच्या दरबारात त्याचा प्रवेश होतो तो या कौशल्यामुळे. चौदाव्या शतकातील ‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’ या इंग्रजी काव्यात हरणे सोडवण्याचे वर्णन तपशीलवार येते. कुत्र्यांना त्यांचा भाग मिळतो आणि कावळ्याच्या जातीच्या पक्ष्यासाठीही एक तुकडा बाजूला पडतो. हे वाचताना आम्हांला गव्हाणचे अंगण आठवले. वाटे जवळपास तेच. फरक एवढाच की तिकडे सुरी नायकाच्या हाती आहे आणि म्हणून ती काव्यात आली आहे.

आपल्याकडे काय घडले? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मृगयेचे सविस्तर प्रकरण आहे, आणि ‘अन्नभोग’ या भागात मांसाचे पदार्थही आहेत. रानडुकराचे केस कसे काढावेत येथपर्यंत तपशील येतात. पण हे सारे राजाच्या भोगांचे वर्णन आहे. राजा नेम धरताना दिसतो, जेवताना दिसतो. मधले हात कोणाचे, हे दिसत नाही. तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्रा’त चक्रधरस्वामींच्या आश्रयाला आलेल्या सशाची लीळा प्रसिद्ध आहे. तेथे पारधी येतात खरे, परंतु कथेचा प्रकाश शरणागत सशावर आणि स्वामींच्या करुणेवर आहे. त्या करुणेबद्दल आमच्या मनात आदरच आहे. तरीही वाङ्मयाच्या अभ्यासकाने एवढे नोंदवावे, की आपल्या परंपरेत शिकार भोग म्हणून आली, पाप म्हणून आली. श्रम आणि विद्या म्हणून क्वचितच आली. सुरी ज्यांच्या हाती होती त्यांच्या हाती लेखणी नव्हती, आणि लेखणीवाल्यांना सुरीचा विटाळ होता.

हे हात अगदीच अज्ञात नाहीत. माधव गाडगीळ आणि के. सी. मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातील भटक्या शिकारी समाजांचा अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध केला. फासेपारधी फाशांनी काळवीट-हरणे धरीत, नंदीवाले कुत्र्यांच्या साहाय्याने शिकार करीत, वैदू सापळ्यांनी लहान मांसभक्षक धरीत; एकाच प्रदेशात सावजांची अशी विभागणी होती. या ज्ञानाची सरकारदरबारी नोंद झाली ती मात्र निराळ्या नावाने. १८७१ सालच्या गुन्हेगार जमाती कायद्याची कक्षा पुढे वाढत गेली आणि पारध्यांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. कायदा १९५२ साली रद्द झाला, शिक्का राहिला. रायगडच्या कातकऱ्यांचे नावच कात पाडण्याच्या धंद्यावरून पडलेले. जंगल सरकारी झाले तसा तो धंदाही गेला. जंगल कोणाचे, हा प्रश्न या परिसराने २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरला गोळ्या झेलून विचारला आहे.

१९६८ साली कर्नाळा अभयारण्य झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार गुन्हा ठरली, आणि ते योग्यच झाले, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. डोंगर पोखरले गेले, बंदुका वाढल्या, भेकरे उरली नाहीत. अशा वेळी जुन्या चालीचा हवाला देऊन सुरी उचलणे हा केवळ अपराध ठरेल. आजीनेही कधी हळहळ व्यक्त केली नाही. “जनावरच राहिलं नाही, तर वाटा कशाचा?” एवढेच ती म्हणे. परंतु शिकार थांबणे आणि शिकारीची विद्या नोंदीवाचून नाहीशी होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीमुळे हरीण वाचते. दुसरीमुळे काय वाचते, ते आम्हांला उमगलेले नाही.

वर्गात ‘सिंहाचा वाटा’ हा वाक्प्रचार आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो. तो मूळच्या इसापाच्या गोष्टीतला. त्यात हरणाचे सगळे वाटे सिंहच घेतो. गव्हाणच्या अंगणातली रीत याच्या नेमकी उलट होती, पण तिच्यावरून एकही वाक्प्रचार आमच्या पाठ्यपुस्तकांत आला नाही. गेल्या वर्षी आम्ही विद्यार्थ्यांना एक साधे काम दिले : घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीला जनावराच्या अवयवांची आणि वाट्यांची नावे विचारून लिहून आणा. काहींनी पाच शब्द आणले, काहींनी वीस. वाडीवरून येणाऱ्या एका मुलीने वही भरून शब्द आणले आणि वही देताना विचारले, “सर, हे मराठीच्या पेपरात चालेल ना?”

चालेल, असे आम्ही तिला सांगितले. त्या रात्री आजीचा हात थांबवणाऱ्या म्हाताऱ्याचे नाव त्या वहीत सापडणार नव्हते, हे ठाऊक असूनही आम्ही ती पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतली.