टक्कल, आनुवंशिक

टक्कल, आनुवंशिक : कपाळाच्या दोन्ही बाजूंचे व माथ्यावरील केस क्रमाने विरळ होत जाण्याचा कुलपरंपरागत प्रकार. चरकसंहितेत यास ‘खालित्य’ म्हटले असून शरीरातील उष्णता वातादी दोषांसह केशभूमी जाळते, असे कारण दिले आहे. खच्ची केलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, हे प्राचीन ग्रीक वैद्यांनी नोंदविले होते. १९४२ मध्ये अमेरिकन शारीरविज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी अशा पुरुषांना टेस्टोस्टेरोन हे हॉर्मोन (उत्तेजक स्राव) दिले, तेव्हा ज्यांच्या कुळात टक्कल होते त्यांचेच केस गळू लागले. आनुवंशिकता व हॉर्मोन यांपैकी कोणतेही एक कारण पुरेसे नाही, हे यावरून दिसून आले. टेस्टोस्टेरोनापासून बनणाऱ्या डायहायड्रोटेस्टोस्टेरोनामुळे संवेदनशील केशपुटके आक्रसतात व केस उत्तरोत्तर बारीक उगवतात. या हॉर्मोनाच्या ग्राहीचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने मुलाला ते आईकडून मिळते. तथापि २०१७ मध्ये सु. ५२,००० ब्रिटिश पुरुषांच्या अभ्यासात टकलाशी निगडित २८० हून अधिक जनुकीय स्थाने आढळली. त्यामुळे टक्कल केवळ आजोळाकडून येते, हा समज अपुरा ठरतो. पुण्यासारख्या दुचाकींच्या शहरात शिरस्त्राणाला दोष दिला जातो. पण आनुवंशिक टक्कल त्यामुळे पडत नाही व त्या भीतीने शिरस्त्राण टाळणे जिवावर बेतू शकते.