बार्ट सिम्पसन कपाटात, बेरिंगची गाडी भंगारात

(भागाच्या सुरुवातीला दहा सेकंद नुसता खर्रर्र असा आवाज आहे. तो कशाचा, ते शेवटी सांगतो.)

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं अशांसाठी हा भाग लिहून काढलाय. बोलण्यातले अडखळे तेवढे काढून टाकलेत.

आज सुरुवात माझ्या कपाटापासून. मी पुण्यात राहतो, आठवडाभर कोड लिहितो आणि रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात फिरतो. गेल्या चार वर्षांत स्केटबोर्डशी नातं असलेल्या एकेचाळीस वस्तू जमवल्यात. रंग उडालेलं बार्ट सिम्पसनचं किचेन, टोनी हॉकच्या गेमची ओरखडे पडलेली सीडी, बोटांनी चालवायचे इवलेसे बोर्ड, असलं काहीबाही. मला स्वतःला स्केटबोर्ड चालवता येत नाही, हेही सांगून टाकतो.

दिवाळीत मिरजगावला गेलो तेव्हा नानांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, या सगळ्याचे फोटो दाखवत होतो. नाना म्हणाले, "आरं, ही तर आपल्या बेरिंगच्या गाडीवानीच हाय. तुझी कुठंय?"

मी आईकडे बघितलं.

"ती व्हय? भंगारवाल्याला दिली की. तू कॉलेजला गेला तवाच."

बेरिंगची गाडी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक फळी, खाली दोन आडवी लाकडं, आणि लाकडांच्या टोकांना ठोकून बसवलेली जुनी बेरिंगं. पुढचं लाकूड एका बोल्टवर फिरतं, त्याला सुतळी बांधली की स्टेअरिंग तयार. आमचं गाव नगर-सोलापूर रस्त्यावरचं, त्यामुळे गॅरेजं भरपूर. शिवाय विहिरी आणि बोअरच्या मोटारी सारख्या जळायच्या, म्हणून रिवायंडिंगची दुकानं. तिथं टाकून दिलेली बेरिंगं मिळायची. रॉकेलमध्ये धुतली की गरागरा फिरायची.

आता कॅलिफोर्नियाला जाऊ. १९५० च्या दशकात तिथली पोरंही हेच करत होती. चाकाचे बूट, म्हणजे रोलर स्केट, तोडायचे, त्यांची लोखंडी चाकं फळीखाली ठोकायची आणि उतारावरून सुटायचं. काही जण पुढं फळांचं लाकडी खोकं उभं ठोकून त्याची स्कूटर करायचे. समुद्राला लाटा नसल्या की सर्फिंग करणारी पोरं अशा फळ्यांवर उभी राहायची. कंपन्या नंतर आल्या.

'बॅक टू द फ्यूचर' हा १९८५ चा पिक्चर बघितला असेल तर एक सीन आठवा. मार्टी १९५५ सालात पोचलाय, मागे गुंड लागलेत. तो एका पोराच्या स्कूटरचं वरचं खोकं उपटतो आणि खाली उरलेल्या फळीवर उभा राहून पळतो. स्केटबोर्डचा सगळा जन्म त्या काही सेकंदांत आहे.

एक टेक्निकल गोष्ट. आमच्या गाडीला एखादा खडा आडवा आला की चाक जागीच अडकायचं आणि आपण पुढं. माझ्या गुडघ्यावर अजून खूण आहे. लोखंडी आणि नंतरच्या मातीच्या चाकांचा अमेरिकेतही हाच घोळ होता. १९६५ च्या मे महिन्यात 'लाइफ' मासिकाच्या मुखपृष्ठावर स्केटबोर्डवर हात टेकून उलटी उभी राहिलेली पॅटी मॅकगी झळकली, आणि त्याच सुमारास अपघातांमुळे ही लाट ओसरायलाही लागली. मग १९७२ च्या आसपास फ्रँक नॅसवर्दीनं पॉलियुरेथेनची चाकं स्केटबोर्डला लावून बघितली. हे प्लॅस्टिक थोडं दबतं, रस्ता पकडतं, खड्यावरून निघून जातं. खेळ पुन्हा उभा राहिला. आमच्या गल्लीत नॅसवर्दी आला नाही, एवढाच फरक.

पुढं या फळ्यांना भाव आला. जानेवारी २०१९ मध्ये सदबीज या लिलाव कंपनीनं सुप्रीम ब्रँडच्या २४८ बोर्डांचा पूर्ण संच ८ लाख डॉलरला विकला. पण मला जास्त आवडते ती दुसरी वस्तू. टोनी हॉकला मोठ्या भावाकडून मिळालेला, वापरून झिजलेला पहिला बोर्ड आज अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे. तो तिथं आहे कारण घरात कुणीतरी तो टाकून दिला नाही.

आपल्याकडे असं करणारा माणूस नव्हता का? होता की. पुण्यात शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकर 'अज्ञातवासी' या नावानं कविता करायचे आणि घरचा धंदा चष्म्याचा. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. तलवारींच्या जोडीला अडकित्ते, दिवे, वज्री, खेळणी. लोक ज्याला अडगळ म्हणायचे ते सगळं. संग्रहाला त्यांनी अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव दिलं आणि १९७५ मध्ये सुमारे २० हजार वस्तूंचा हा संग्रह सरकारला देऊन टाकला. आज आपण तिथला अडकित्ता काचेआड बघून 'वा!' म्हणतो. केळकरांनी तो उचलला तेव्हा घरोघरी तसलेच पडले होते.

तिथून बाहेर पडताना मला माझीच लाज वाटली. परक्या पोरांचं बालपण मी पैसे देऊन जमवत होतो. माझ्या गाडीचा मात्र एक फोटोसुद्धा माझ्याकडे नाही. तेव्हा घरात कॅमेराच नव्हता.

म्हणून परवा पुन्हा गावी गेलो. नानांनी बाभळीचं लाकूड तासलं, रिवायंडिंगवाल्या मामांनी चार बेरिंगं फुकट दिली. मी प्रत्येक माप वहीत लिहिलं. मग गल्लीतल्या नव्या सिमेंटच्या रस्त्यावर पुतण्याला बसवून ढकललं आणि फोन रेकॉर्डिंगला लावला. सुरुवातीचा खर्रर्र तो हाच.

पुतण्या दोनदा बसला, मग मोबाईल मागायला लागला. असो. गाडी आता माझ्या कपाटावर आहे, नंबर बेचाळीस. शेजारी बार्ट सिम्पसन.

तुमच्या गावात या गाडीला काय म्हणायचे, किती बेरिंगं लावायचे, तेवढं व्हॉईस नोट करून पाठवा. पुढचा एक भाग त्यावरच करू. आणि घरी आजच फोन लावा, भंगारवाला येऊन जायच्या आत. चला, भेटू!