राखणीचं मचाण, मोजणीचं मचाण

वैशाखी पौर्णिमा जवळ आली की ठाण्याच्या वर्तकनगरात एक चौकशी सुरू होते : "यंदा येऊरला मचाणावर नाव लागलं का?" म्हाडाच्या इमारतींतली, शिवाईनगरातली, उपवनच्या कडेच्या सोसायट्यांतली बरीच मंडळी वनखात्याकडे नाव नोंदवतात. मचाणं मोजकी, हौशी फार. ज्यांचं नाव लागतं ते बुद्ध पौर्णिमेच्या दुपारी पाणी, कोरडा खाऊ आणि दुर्बीण घेऊन, भडक कपडे घरी ठेवून, येऊरला जमतात. प्रत्येकाला एक पाणवठा नेमून मिळतो आणि सोबत एक छापील तक्ता. पौर्णिमेच्या उजेडात रात्रभर मचाणावर बसायचं आणि पाण्यावर येणारं प्रत्येक जनावर त्या तक्त्यात टिपायचं. ही रीत आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती आली कुठून, हे सहसा कुणी विचारत नाही. तिला मोठं कूळ आहे आणि त्या कुळात शेतकरी आहे, राजा आहे, साहेब आहे, फॉरेस्टर आहे.

मूळ पुरुष शेतकरीच. पीक दाण्यावर आलं की शेताच्या मध्यावर चार मेढी रोवायच्या, आडवे बांबू बांधायचे, वर पेंढा अंथरायचा, झाला माळा. दिवसा त्याच्यावरून गोफण फिरवून पाखरं उठवायची, रात्री जागलीला बसायचं. डुकरांचा कळप शिरला की पत्र्याचा डबा बडवायचा, आरोळी ठोकायची. उंचीवर बसण्याचं कारण सरळ आहे : उभ्या पिकावरून नजर पोचते आणि आपले पाय जनावराच्या टप्प्यात राहत नाहीत. या माळ्याबद्दल मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्यावर बसणाऱ्याला जनावर मारायचं नसतं. त्याला ते शेताबाहेर घालवायचं असतं, आणि उद्या ते पुन्हा येणार हे त्यानं धरलेलंच असतं. येऊरच्या पाटोणापाडा, जांभूळपाडा, रोणाचापाडा या आदिवासी पाड्यांवर आणि पलीकडे पालघरपर्यंतच्या वारली वस्त्यांत वाघोबा पूजला जातो, तोही याच समजुतीनं. तो शेजारी आहे, त्याचा मान राखायचा आणि त्यानं आपली गुरं राखायची. वाघोबावर झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या पट्ट्यात त्याची दीडशेहून अधिक ठाणी नोंदली गेली. वाघबारशीला त्यांची पूजा होते.

कुळाची दुसरी शाखा पाणवठ्यावरची. तिची कथा मराठी घरात प्रत्येकाला लहानपणीच कळते. शरयूच्या काठी रात्री दबा धरून बसलेला दशरथ, पाणी भरणाऱ्या घागरीचा बुडबुड आवाज, हत्ती पाणी पितोय अशी समजूत, शब्दवेधी बाण आणि श्रावणबाळाचा अंत. पितृभक्तीची कथा म्हणून आपण ती सांगतो. जंगलाच्या अंगानं ऐकली तर पाण्यावर टपून शिकार करण्याची रीत किती जुनी आहे आणि न बघता केलेला नेम कुठे नेतो, या दोन्ही गोष्टी तिच्यात आहेत. उन्हाळ्यात जनावराला पाण्यावर यावंच लागतं. मागोवा काढत रान तुडवायला नको. पाण्याजवळ थांबलं की पुरे.

शेतातली उंच बैठक आणि पाण्यावरचा दबा या दोहोंतून शिकारीचं मचाण घडलं. मृगया हा राजांचा जुनाच षोक. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासात तिच्यावर स्वतंत्र विवेचन आहे. पण आपल्या कल्पनेतलं झाडावरचं मचाण पक्कं बसवलं ते संस्थानिकांनी आणि इंग्रज साहेबांनी. दोन फांद्यांच्या बेचक्यात बाज बांधायची, भोवती त्याच झाडाचा पाला लावायचा, बंदूक टेकायला एक फट ठेवायची. वाघानं मारलेल्या जनावरावर, म्हणजे गाऱ्यावर बसायचं. गारा नसला तर रेडकू बांधायचं. किंवा मग हाकारे लावून वाघाला मचाणाकडे रेटत आणायचं. बाज बांधणारे, पाला तोडणारे, हाकारे घालणारे सगळे गावातले. वाघ सहसा मान वर करून झाडाकडे बघत नाही, बिबट्या मात्र बघतो, हा शिकाऱ्यांचा दाखला या गावकऱ्यांच्याच ज्ञानातून आलेला असणार, असं मला वाटतं. साहेबाच्या पुस्तकात तो साहेबाच्या नावावर गेला.

मचाणाची सगळ्यात गाजलेली रात्र गढवालातली. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्यानं सरकारी नोंदीप्रमाणे सव्वाशे माणसं मारली होती. जिम कॉर्बेट 1926 साली गुलाबराय इथल्या आंब्याच्या झाडावर ठाण मांडून बसले आणि तिथूनच त्यांनी त्याला टिपलं. पण त्याच दशकात, त्याच संयुक्त प्रांतात, वनखात्यातला एक अधिकारी वेगळ्याच हत्यारानं वाघामागे लागला होता. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन. वाघाच्या वाटेवर तार लावायची, वाघाचा पाय तारेला लागला की झगझगीत उजेड पडायचा आणि कॅमेऱ्याचा पडदा उघडायचा. वाघ स्वतःच स्वतःचा फोटो काढणार. 1927 साली त्यांचं पुस्तक निघालं. मचाणावरच्या माणसाची जागा पुढे यंत्र घेणार, त्याची ही नांदी होती. ती ध्यानात यायला मात्र बराच काळ जावा लागला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या या डोंगरांतही वाघ होते. ते गेले, बिबटे टिकले. आज बोरिवलीच्या बाजूला सफारीच्या बसमधून दिसतो तो वाघ कुंपणातला आहे. देशभर हीच गत झाल्यावर 1970 मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि 1 एप्रिल 1973 रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ प्रकल्पांत आपलं मेळघाट होतं. बंदुका कपाटात गेल्या. मचाणं राहिली, आणि त्यांच्यावर चढणारी माणसं बदलली. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याच्या रानात जाऊन राहिले आणि जे दिसलं ते लिहिलं. मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीत राहून रानातल्या माणसांचं ज्ञान टिपून ठेवलं. मराठी वाचकाला रानात गप्प बसण्याची गोडी लागली ती या दोघांमुळे, हे मी ठामपणे म्हणेन.

कायदा झाला, पण राखायचं ते आहे किती, हे कळायला हवं होतं. ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी वाघाच्या पंजाचा ठसा काचेवर गिरवून घेण्याची आणि त्यावरून वाघ वेगळे ओळखण्याची पद्धत बसवली. त्या पद्धतीनं 1972 च्या गणतीत देशात 1,827 वाघ निघाले. चितळ, सांबर, भेकर, डुक्कर यांचे ठसे असे एकेक करून वेगळे काढता येत नाहीत. त्यांच्यासाठी उन्हाळ्यातला पाणवठा हीच सोयीची जागा. दिवस कोणता? वैशाख पौर्णिमा. ओढे आटलेले, पानझडीनं रान उघडं पडलेलं आणि रात्रभर चांदणं, म्हणजे बॅटरी लावायची गरज नाही. बुद्धाचा दिवस आणि प्राणिगणना यांची सांगड अशी निसर्गानंच घातली. पुढे माणसं कमी पडू लागली तशी गावोगावच्या निसर्गप्रेमींना बोलावणी गेली आणि खात्याचं काम हळूहळू लोकांचा रिवाज झालं.

या रात्रीचे नियम शिकाऱ्यांचेच आहेत. अत्तर नको, साबणाचा वास नको, पान-तंबाखू नको, बोलणं खुणांनी. संध्याकाळी पहिल्यांदा मोर येतो, मग वानरं. वानरं पाण्यावर घाई करत नाहीत. एक टेहळ्या झाडावर राहतो, बाकीची उतरतात. अंधार पडला की रातव्याचं टकटक सुरू होतं आणि तुमचे कान डोळ्यांपेक्षा जास्त काम करू लागतात. वाळलेल्या पाल्यावर डुक्कर चालतं तेव्हा धसमुसळा आवाज येतो, भेकर चालतं तेव्हा दोन पावलं आणि मोठा खंड. साळिंदर काट्यांची सळसळ करत येतं. माझ्या मचाणावर सोबतीला पाड्यावरचा एक तरुण होता. मध्यरात्रीनंतर लांबवर भेकर भुंकलं, मग थोडं अलीकडे पुन्हा. त्यानं माझ्या मनगटावर बोट ठेवून बिबट्या कुठून कुठे सरकतोय त्याची दिशा काढून दाखवली. पाणवठ्यावर शेवटपर्यंत काही आलं नाही. तक्त्यात बिबट्याच्या रकान्यात आम्ही शून्य लिहिलं, आणि नियमाप्रमाणे तेच बरोबर होतं.

इथेच या पद्धतीची मर्यादा आहे. चितळांचा एकच कळप रात्रीत तीनदा आला तर तीन कळप होतात. बिबट्या रोज पाण्यावर आलाच पाहिजे असं नाही. येऊरच्या रानामागे तुळशी आणि विहार हे दोन मोठे तलाव पसरले आहेत, तिकडे कोण प्यायलं हे मचाणावरच्या माणसाला कळत नाही. आणि वळिवाची एक सर पडली की खड्ड्याखड्ड्यात पाणी, मग सगळी रात्र वाया. ठशांची पद्धतही अशीच उघडी पडली. राजस्थानच्या सरिस्कात कागदावर वाघ होते आणि 2005 साली रानात एकही उरला नसल्याचं सिद्ध झालं. त्यानंतर देशाची गणती नव्या पायावर आली. अंगावरच्या पट्ट्यांवरून प्रत्येक वाघ वेगळा ओळखायचा, आणि त्यासाठी वाटांवर स्वयंचलित कॅमेरे लावायचे. चॅम्पियनची तारच ती, फक्त आता तारेच्या जागी उष्णता आणि हालचाल ओळखणारा सेन्सर. 2006 मध्ये 1,411 हा आकडा आला तेव्हा देश हादरला. 2022 च्या अंदाजात तो 3,682 पर्यंत गेला, त्यात महाराष्ट्राचे 444.

येऊर ज्यात येतं त्या आपल्या राष्ट्रीय उद्यानातही बिबट्यांच्या ठिपक्यांवरून तेच झालं. निकित सुर्वे यांनी 2015 साली वनखात्यासोबत केलेल्या कॅमेरा-गणतीत 35 बिबटे वेगळे ओळखले गेले, 2018 मध्ये 47. सुमारे शंभर चौरस किलोमीटरच्या उद्यानात आणि त्याच्या कडेच्या पट्ट्यात एवढे बिबटे, आणि भोवती मुंबई-ठाणे. फेब्रुवारी 2019 मध्ये एक बिबट्या पहाटे आपल्या इथल्या कोरम मॉलच्या आवारात शिरला आणि सीसीटीव्हीत दिसला. नंतर जवळच्या एका हॉटेलच्या तळघरातून त्याला बेशुद्ध करून सुखरूप नेण्यात आलं. त्या दिवशी वर्तकनगरात जी गर्दी, जी पळापळ झाली ती बघून मला वाटलं होतं की बिबटे किती आहेत हे आता आपल्याला ठाऊक आहे, पण त्यांच्याशी वागायचं कसं, हे अजून शिकायचं आहे. आकडा यंत्र देईल. सवय माणसाला स्वतः लावून घ्यावी लागते, आणि ती मचाणावर लागते.

म्हणून गणतीसाठी मचाणाची गरज सरली तरी वनखात्यानं ही रात्र बंद केली नाही, हे मला मोलाचं वाटतं. मेळघाटात, ताडोब्याच्या बफरमध्ये ती 'निसर्गानुभव' या नावानं चालते. तिथले आकडे विज्ञान म्हणून कुणी धरत नाही. वन्यजीव पर्यटनाचं हे सगळ्यात शहाणं रूप आहे. एरवी पर्यटन म्हणजे जिप्सींची रांग. वायरलेसवर किंवा ड्रायव्हरांच्या खुणांनी वाघाची बातमी फिरली की सगळ्या गाड्या एकाच वळणावर, मधोमध वाघीण, रस्ता ओलांडायला जागा शोधणारी. 2012 च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयानं व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातलं पर्यटन काही महिने थांबवलं होतं आणि नियमावली आल्यावरच पुन्हा उघडलं. गाड्यांवर मर्यादा आल्या, पण वाघ दाखवा हा हट्ट गेला नाही. मचाणावर हा हट्ट चालतच नाही. तिथे तुम्ही जागचे हलत नाही, जनावर स्वतःच्या मर्जीनं येतं, स्वतःच्या मर्जीनं जातं.

येऊरची अडचण निराळी आहे. मी बसलो होतो त्या पाणवठ्यावर रात्री उशिरापर्यंत कुठल्याशा समारंभाचा डीजे ऐकू येत होता. ठोका इतका स्पष्ट की पाल्यातल्या पावलांचा अंदाजच लागेना. आपल्या कानाला जे जड जातं ते भेकराच्या कानाला किती जात असेल? 2016 च्या डिसेंबरात उद्यानाभोवतीचं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र अधिसूचित झालं, येऊरच्या रस्त्यावर रात्री तपासणीही होते, तरी बंगले, टर्फ आणि पार्ट्यांचा आवाज चढाच आहे. त्याविरुद्ध पाड्यांवरचे लोक आणि ठाण्यातले नागरिक वर्षानुवर्षं तक्रारी करत आले आहेत, आणि त्यांचं म्हणणं खरं आहे.

मला विचाराल तर येऊरला वर्षातली एकच रात्र का? उन्हाळ्याच्या प्रत्येक पौर्णिमेला चार-पाच मचाणं उघडावीत, शुल्क घ्यावं आणि सोबत बसणाऱ्या पाड्यावरच्या मुलाला त्यातून रीतसर मानधन मिळावं. भेकराच्या भुंकण्यावरून बिबट्याची दिशा काढून दाखवणारा तो तरुण दिवसा खाली शहरात एका इमारतीच्या गेटवर वॉचमनची ड्युटी करतो. त्याच्या आज्यानं याच उतारावर भातासाठी माळा बांधून जागल केली होती, असं त्यानं सकाळी उतरताना सांगितलं.